सायकलची कप्पी, तीन विमानं आणि देवगडचा एक पावसाळा

माझी खोली जेमतेम दहा फूट रुंद आणि त्यात रिमोटवर उडणारी तीन मॉडेल विमानं: दीड मीटर पंखांचं हाय-विंग (पंख धडाच्या वर) ट्रेनर म्हणजे शिकाऊ विमान, थोडं लहान लो-विंग (पंख धडाच्या खाली) आणि दोन मीटरचं ग्लायडर. आधी ती कपाटावर आणि पलंगाखाली असायची. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उडताना जेवढी मोडली नाहीत, तेवढी पलंगाखालून ओढताना मोडली. मे महिन्यात सायकल छताला टांगायच्या कप्पीचे तीन संच मागवले. आता दिवाळी झाली, म्हणून लिहितोय.

घर कौलारू आहे, त्यामुळे कप्प्या रिपांना न लावता थेट तुळईत ठोकल्या. संचातले हूक सायकलसाठी असतात, फोमला खळी पाडतात. ते काढून दप्तराच्या जुन्या पट्ट्यांच्या झोळ्या शिवून घेतल्या. एक झोळी पंखाच्या पुढे, एक मागे, म्हणजे विमानाचा तोल दोन्हींच्या मधे राहतो. पंखांच्या टोकांवर भार देऊ नका. बाल्सा (मॉडेलसाठी वापरतात ते हलकं लाकूड) महिनोन्महिने तसा राहिला तर पीळ धरतो.

जागा खरी वाचली ती फ्लाइंग क्लबच्या हँगरातली युक्ती वापरल्यावर. एकाचं नाक जिकडे, शेजारच्याची शेपटी तिकडे, आणि हाय-विंगचा पंख लो-विंगच्या पंखावरून. मधे वीतभर अंतर. ग्लायडरचे पंख सोडवून तुळईला समांतर टांगतो. "आता केर काढूक गावता," आई पहिल्याच दिवशी म्हणाली.

जुलैत मात्र फटका बसला. दोरी पकडणारं कुलूप रात्री सुटलं आणि ट्रेनर नाकावर आलं. प्रॉपेलर गेला, मोटर बसते ती प्लायची फळीही चिरली. ओल्या हवेत दोरी बुळबुळीत झाली होती. तेव्हापासून कुलपावर विसंबत नाही, भिंतीतल्या लाकडी खुंटीला आठच्या आकड्यासारखे वेढे देतो. सोबत आलेले स्क्रू ऑगस्टपर्यंत गंजले. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ स्टेनलेसचेच घ्या, खाऱ्या हवेत टिकणाऱ्या पोलादाचे.

बुरशी यंदा धरली नाही. भिंतीला चिकटून ठेवायचो तेव्हा काळे ठिपके यायचे. आता चहूबाजूंनी वारा लागतो. बाल्साच्या पंखावरची फिल्म (पातळ प्लास्टिकचं आवरण) थोडी सैल पडली, ती गणपतीनंतर इस्त्रीने ताणली. बॅटऱ्या विमानात ठेवून टांगत नाही. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर, म्हणजे साठवणीच्या पातळीवर, आणून पत्र्याच्या डब्यात ठेवतो.

माझी तिन्ही विजेवरची आहेत. ग्लो इंजिनाचं, म्हणजे इंधनावर चालणारं, असेल तर टांगण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर इंधनातलं एरंडेल अंथरुणावर ठिबकतं.