दादर स्थानक: गाडी बदलायला कसं आहे?

दादरला गाडी बदलणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय आणि त्याचं बरंचसं श्रेय फलाटांच्या नव्या क्रमांकांना आहे. ९ डिसेंबर २०२३ पर्यंत इथे ‘एक नंबर’ दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. भेटायचं ठरवून एकजण विरार स्लोच्या फलाटावर आणि दुसरा ठाणे स्लोच्या फलाटावर थांबलाय, हे रोजचंच होतं. आता पश्चिमेचे १ ते ७ तसेच आहेत आणि मध्यचे ८ ते १४ झालेत. मोजणी पश्चिमेकडून पूर्वेकडे सलग जाते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कुठल्या दिशेला चालायचं ते कळतं. वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे अजून कोणी ‘मध्यचा तीन नंबर’ म्हणालं, तर तो आजचा ९ समजावा, कारण मध्यचा जुना दोन बंद झालाय.

घोळ मुळातच होता, कारण दादर हे एक स्थानक म्हणून बांधलेलंच नाही. १८५३ची बोरीबंदर-ठाणे गाडी ज्या मार्गावरून धावली तो जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) कंपनीचा, म्हणजे आजची मध्य रेल्वे. त्याच्या पश्चिमेला बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) कंपनीने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेने, पुढच्या दशकात आपला मार्ग टाकला. दोन कंपन्या, दोन हिशेब, शेजारी-शेजारी दोन स्थानकं. पुढे प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, वस्ती वाढली, विसाच्या दशकात दोन्हीकडे विजेच्या लोकल आल्या आणि गाडी बदलणाऱ्यांचा लोंढा सुरू झाला. रुळांच्या मधली जागा मात्र तेवढीच राहिली. आजही तिकिटाच्या संगणकात दादर दोन आहेत: मध्यचं ‘डीआर’, पश्चिमेचं ‘डीडीआर’. लांब पल्ल्याचं आरक्षण करताना हा कोड बघाच. लोकलचं तिकीट किंवा ‘व्हाया दादर’ पास मात्र दोन्ही रेल्वेंवर एकच चालतो.

खरी अडचण फलाटांच्या रुंदीची. अरुंद फलाटाच्या मध्यावर जिना उतरला की दोन्ही कडांना चिंचोळी पट्टीच उरते. त्या पट्टीत उतरणारे, चढणारे आणि जिन्याकडे वळणारे एकाच वेळी येतात. म्हणून २०२३च्या सप्टेंबरमध्ये मध्य रेल्वेने केलेलं काम आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जुना २ नंबर कायमचा बंद केला, त्याची जागा जुन्या एकला, म्हणजे आजच्या ८ला जोडली. रुंदी ७ मीटरवरून साडेदहाच्या घरात गेली. बदल्यात दादरहून सुटणाऱ्या स्लो लोकल परळला हलवल्या. दादरला रिकाम्या गाडीत बसायची सवय असलेल्यांना ते झोंबलं, पण निर्णय योग्यच होता. त्याच डिसेंबरात १० नंबरच्या जलद गाडीतून दोन्ही बाजूंनी उतरण्याची सोय झाली. ज्या बाजूला कमी रेटा दिसेल तिकडून उतरा.

आता प्रत्यक्ष बदलाचं. दोन्ही रेल्वेंच्या स्लो गाड्या आपापल्या फलाटांच्या पश्चिम टोकाला: १ला विरारकडची स्लो, ८ला ठाणे-कल्याणची, ९ला सीएसएमटीकडची. मध्यच्या फास्टसाठी त्याहून पूर्वेला जावं लागतं, कल्याणकडची १०ला. बहुतेक लोक समोर दिसणाऱ्या मधल्या पुलावरच चढतात आणि गर्दीच्या वेळी तिथेच तुंबतं. टोकाच्या पुलाने चार पावलं जास्त पडतात, पण पाय थांबत नाहीत. पुढची गाडी ठरलेली असेल तर आधीच्या गाडीत त्या पुलाजवळच्या डब्यात चढणं हा सगळ्यांत सोपा उपाय. सरकते जिने आहेत, पण ते मिळतील असं धरून वेळ काढू नका.

रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद, सीएसएमटी ते विद्याविहार डाऊन (सीएसएमटीकडून बाहेर जाणाऱ्या) स्लो मार्गावर असेल तर ८ नंबरवर थांबू नका. स्लो गाड्या फास्ट मार्गावरून वळवतात. त्या दादरला थांबतात, पण फास्टच्या फलाटावर. इंडिकेटर बघूनच जिना उतरावा, नाहीतर चुकीच्या फलाटावरून गाडी जाताना दिसते.

दोन्ही गाड्या स्लो असतील तर दादरऐवजी परळ (मध्य) आणि प्रभादेवी (पश्चिम) या शेजारच्या स्थानकांत बदल करून बघा. २९ सप्टेंबर २०१७ला तिथल्या अरुंद पुलावर २३ जण चेंगरून मरण पावले. त्यानंतर लष्कराने बांधलेला पूल फेब्रुवारी २०१८मध्ये खुला झाला, ३ मार्च २०१९ला परळ टर्मिनस आलं. आज तिथली ये-जा दादरपेक्षा मोकळी आहे. आणि अंधेरीकडून घाटकोपर-ठाण्याला जाणाऱ्याने तर दादरला यायचं कारणच नाही. २०१४पासून अंधेरीहून घाटकोपरला जाणारी मेट्रो १ आहे. दादरवरचा भार कमी व्हायचा तर तो असा बाहेरूनच होणार. कुर्ल्याकडून येणारी पाचवी-सहावी मार्गिका रखडलीय, ती झाली तर लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला होतील.

सगळ्यांत कच्चा दुवा मेट्रो ३चा, म्हणजे शहराखालून जाणाऱ्या भुयारी मेट्रोचा. मे २०२५मध्ये भूमिगत दादर सुरू झालं, पण ते गोखले रस्त्याखाली, सेनाभवनाच्या बाजूला. रेल्वेपासून तिथवर थेट भुयारी वाट नाही. पश्चिमेला उतरायचं, केशवसुत पुलाखालच्या भाजीवाल्यांमधून आणि रानडे रोडच्या खरेदीतून वाट काढत जायचं. एरवी दहा मिनिटं. गणपती-दिवाळीच्या आधी दुप्पट धरा. सामान घेऊन किंवा वयस्कर माणसांसोबत हा बदल आम्ही सुचवणार नाही. एवढा खर्च करून बांधलेल्या मार्गाला दादरसारख्या ठिकाणी छताखालची वाट नसावी, ही मोठी उणीव आहे.

कोकणात जाणाऱ्यांसाठी एक: सावंतवाडीची तुतारी एक्सप्रेस मध्यच्या बाजूने, रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री घरातून निघणार असाल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढा.