फ्याल्लाबाकची छायाचित्रण सहल: वाटाड्या अव्वल, शिकवणी यथातथाच

आइसलँडच्या दक्षिणेकडील ज्वालामुखी पठारावर, फ्याल्लाबाकच्या संरक्षित परिसरात ऑगस्टअखेरीस केलेल्या या सहलीचे शुल्क भारी होते. मात्र त्यातला मोठा वाटा चालक-वाटाड्याच्या पदरी पडत असेल, तर ते सत्कारणी लागले असे मी म्हणेन.

पठारावरचे ‘एफ’ क्रमांकाचे कच्चे रस्ते साधारणपणे जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच खुले असतात आणि त्यांवर बऱ्याच ठिकाणी पूल नसल्याने गाडी पाण्यातूनच न्यावी लागते. हिमनद्यांचे पाणी दुपारनंतर, बर्फ वितळू लागले की, चढते. म्हणून माइलिफेल या शंकूच्या आकाराच्या डोंगरासाठी पहाटेच निघालो. वाटेतल्या एका प्रवाहाशी वाटाड्याने गाडी थांबवली, छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवला, काठीने तळ चाचपत तो पलीकडे जाऊन आला आणि मगच त्याने गाडी पाण्यात घातली. काळ्या वाळूच्या मैदानातून एकाएकी वर आलेला तो हिरव्या शेवाळाचा शंकू आम्हाला तिरप्या उन्हात टिपता आला, तो या शिस्तीमुळेच. शेवाळावर मात्र त्याने कोणाला तिवईसुद्धा टेकू दिली नाही, आणि ते योग्यच होते. तुडवलेले शेवाळ भरून यायला कित्येक दशके जातात.

याच परिसरातल्या लांदमानालॉयगरचे डोंगर रायोलाइट या फिकट रंगाच्या ज्वालामुखी खडकाचे आहेत. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टला सरावलेल्या डोळ्यांना त्यांचे गुलाबी, पिवळे, हिरवट पट्टे आधी खरेच वाटत नाहीत. हे रंग भर उन्हात फिके पडतात आणि ढगाळ हवेत खुलतात. शिवाय येथे वाइड लेन्सपेक्षा ७०-२०० मिमीची लेन्स अधिक उपयोगी पडते, कारण १४७७ च्या सुमारास वाहून आलेल्या लाव्ह्याची काळी कड आणि तिच्यामागचे रंगीत उतार तिने जवळ ओढून एका चौकटीत बसवता येतात.

संध्याकाळची संपादनाची शिकवणी निराशाजनक होती. निसर्गाने एवढे रंग दिलेले असताना सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवण्यावर तासभर खर्च करणे मला अनाकलनीय वाटले. शाकाहाराची आगाऊ कल्पना देऊनही पाव आणि पास्ता यांपलीकडे फारसे काही मिळाले नाही, तेव्हा ठेपले, चटणी बरोबर असू द्यावी. मुक्काम सामायिक खोलीत असतो.

हा खर्च टाळून स्वतः भाड्याची गाडी चालवत जाण्याचा विचार असल्यास करार नीट वाचावा. नदी ओलांडताना झालेले नुकसान बहुधा विम्यात धरलेले नसते.