क्लोरीनवाल्या पॉलिमरसाठी एनएमआर: प्रोटॉन, कार्बन की घन नमुना?

गेल्या महिन्यात नाशिकच्या अंबडमधल्या एका पाइप युनिटमधला क्वालिटीचा मुलगा दोन पुड्या घेऊन आला. दोन्हींत सीपीव्हीसीची (जादा क्लोरीन चढवलेल्या पीव्हीसीची) पांढरी पावडर आणि दोन्हींच्या दाखल्यावर क्लोरीन 67 टक्के. एका लॉटचा पाइप स्वच्छ निघत होता, तर दुसऱ्याचा डायच्या तोंडाशीच तांबूस पडत होता. “सर, एनएमआर करून घ्या म्हणतात. पण फॉर्मवर प्रोटॉन, कार्बन, सॉलिड असे वेगवेगळे रकाने आहेत आणि दरही वेगवेगळे. टिक कशावर करू?” एनएमआर म्हणजे नमुना मोठ्या चुंबकात ठेवून, रेडिओ लहरींचे झटके देऊन त्यातले हायड्रोजन किंवा कार्बन कुठल्या रचनेत बसलेत ते पाहण्याची चाचणी; प्रोटॉन म्हणजे इथे हायड्रोजनच. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. प्रोजेक्ट करणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांनाही हा प्रश्न पडतोच.

टक्केवारी सारखी असूनही दोन लॉट वेगळे का वागतात, ते आधी पाहू. साध्या पीव्हीसीत क्लोरीन 56.7 टक्के असतो. त्यावर आणखी क्लोरीन चढवला की सीपीव्हीसी होते. बाजारातल्या मालात तो साधारण 63 ते 69 टक्के सापडतो. आता साखळीतल्या शेजारच्या दोन कार्बनांवर मिळून दोन क्लोरीन आहेत असं धरा. ते एकेकावर एकेक बसतील, नाहीतर दोन्ही एकाच कार्बनावर बसतील आणि शेजारच्याकडे नुसते हायड्रोजन राहतील. दोन्ही रचनांत क्लोरीन 73.1 टक्केच भरतो. टायट्रेशनला यातला फरक कळत नाही, एक्सट्रूडरच्या (वितळवून पाइप काढणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेला मात्र कळतो. सीपीव्हीसी बनवणाऱ्यांच्या पेटंटांत CH₂, CHCl आणि CCl₂ या तीन गटांचे मोल टक्के वेगवेगळे दिलेले असतात, आणि उष्णतेला टिकणाऱ्या मालासाठी CCl₂ कमी ठेवण्यावर भर असतो. त्या मुलाला हेच तीन आकडे हवे होते.

प्रोटॉन एनएमआर स्वस्त आणि झटपट. दहाएक मिलीग्रॅम पावडर पुरते, काही मिनिटांत वर्णपट हातात. वर्णपटावर शिखराची जागा पीपीएममध्ये मोजतात: CHCl चा हायड्रोजन 4.5 पीपीएमच्या आसपास, CH₂ चे 2 ते 2.5 च्या पट्ट्यात. पण CCl₂ वर हायड्रोजनच नाही, म्हणजे ज्या कार्बनाची चौकशी करायची तोच प्रोटॉनला दिसत नाही. शेजारच्या CH₂ चं शिखर सरकतं त्यावरून अंदाज बांधता येतो, पण सीपीव्हीसीत सगळी शिखरं इतकी रुंद आणि एकमेकांत मिसळलेली असतात की त्या अंदाजावर लॉट नाकारायचं धाडस मी करणार नाही. पीव्हीसीत प्लॅस्टिसायझर (मऊ करणारा पदार्थ) किती आहे हे पाहायचं असेल तर मात्र प्रोटॉनच घ्या. थॅलेट या नेहमीच्या प्लॅस्टिसायझरच्या वलयाचे हायड्रोजन 7.5 ते 7.7 ला स्वच्छ वेगळे दिसतात. साखळीच्या टोकाचे दुहेरी बंधही 5.7 ते 5.9 च्या दरम्यान सापडतात. त्यासाठी कार्बनवर पैसे घालवू नयेत.

कार्बन एनएमआरचा पट्टा 200 पीपीएमहून रुंद, त्यामुळे गर्दी पांगते. CH₂ साधारण 45 ते 48 ला, CHCl 55 पासून साठीच्या पुढे आणि CCl₂ थेट 90 च्या आसपास एकटा उभा. साध्या पीव्हीसीत तर CHCl ची तीन शिखरं 57, 56 आणि 55 जवळ सुटी दिसतात, त्यावरून क्लोरीन साखळीच्या एकाच बाजूला आहेत की आलटून पालटून, तेही मोजता येतं. अडचण वेळेची. एनएमआरला दिसणारा कार्बन-13 निसर्गात जेमतेम 1.1 टक्का, आणि त्याचा संकेतही क्षीण. पन्नास ते शंभर मिलीग्रॅम नमुना द्यावा लागतो आणि मशीन बऱ्याचदा रात्रभर अडकतं.

इथे एक फसगत होते आणि मी ती अनेकदा पाहिली आहे. नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या कार्बन वर्णपटावरून टक्केवारी काढायची नसते. त्या पद्धतीत हायड्रोजन लगडलेल्या कार्बनाचं शिखर फुगतं, जास्तीत जास्त जवळपास तिप्पट. CCl₂ ला हायड्रोजन नाही, तो फारसा फुगत नाही. शिवाय एका झटक्यानंतर पूर्वपदाला यायला त्याला जास्त वेळ लागतो. तो सावरायच्या आत पुढचा झटका बसला की शिखर आणखी खुजं होतं. परिणामी ज्या लॉटमध्ये CCl₂ जास्त आहे, तो कागदावर चांगला दिसतो. म्हणून फॉर्मवर नुसतं ‘कार्बन’ लिहू नका. ‘परिमाणात्मक कार्बन, इन्व्हर्स गेटेड डिकपलिंग, दोन झटक्यांमध्ये सगळ्यात मंद कार्बनाच्या टी-वनच्या पाचपट विराम’ असं लिहा. इन्व्हर्स गेटेड डिकपलिंगने ते फुगणं टळतं, आणि टी-वन म्हणजे कार्बनाला झटक्यातून सावरायला लागणाऱ्या वेळेचं माप. विराम फार लांबत असेल तर क्रोमियम ॲसिटिलॲसिटोनेट घालून तो कमी करता येतो. द्रावण जांभळं होतं, घाबरू नका.

घन नमुन्याच्या एनएमआरमध्ये पावडर छोट्या रोटरमध्ये ठासून 54.74 अंशांच्या कोनात सेकंदाला हजारो फेऱ्यांनी फिरवतात. व्हल्कनाइझ केलेलं निओप्रीन (क्लोरीनवालं रबर) किंवा क्रॉसलिंक झालेलं, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडल्या गेलेलं क्लोरिनेटेड पॉलिएथिलीन कशातच विरघळत नाही, तिथे हाच मार्ग. रेषा रुंद येतात, बारकावे पुसले जातात. विरघळणारा माल असेल तर याकडे वळायचं कारण नाही.

एकाने विचारलं होतं, क्लोरीनचंच एनएमआर का नाही घेत? घेता येतं, पण कार्बनाला घट्ट बांधलेल्या क्लोरीनची रेषा इतकी पसरते की हाती काही लागत नाही. मिठाच्या पाण्यात ती छान दिसते, पीव्हीसीत नाही.

द्रावक निवडतानाही जपून. नेहमीच्या ड्युटेरेटेड (हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेल्या) क्लोरोफॉर्ममध्ये पीव्हीसी विरघळत नाही, फार तर फुगते. ड्युटेरेटेड टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) चांगलं, पण महाग, आणि कार्बनमध्ये त्याचं शिखर 67 ला, म्हणजे सीपीव्हीसीच्या कामाच्या पट्ट्याला खेटूनच येतं. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकाचं प्रोटॉन शिखर 2.5 ला, नेमकं CH₂ च्या दारात. तापवून विरघळवायचं असेल तर सकाळी ट्यूब बाहेर काढून उजेडात धरा. पिवळी पडली असेल तर रात्रभरात हायड्रोक्लोरिक आम्ल सुटलं आहे आणि तुम्ही मोजलेला नमुना दिलेला नमुना राहिलेला नाही. ताप कमी ठेवून पुन्हा घ्या.

नाशिकहून बाहेरचे नमुने घेणारी दोन ठिकाणं सोयीची: पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पवईला आयआयटीतलं सैफ हे विश्लेषण उपकरणांचं केंद्र. दर आणि रांग आधी विचारून घ्या.

त्या मुलाला मी दोन्ही लॉटचं परिमाणात्मक कार्बन, एकाच मशीनवर, एकाच विरामाने, पाठोपाठ करायला सांगितलं. तांबूस पडलेल्या पाइपचा तुकडा तो तिसरा नमुना म्हणून देणार होता, तो थांबवला. पाइपमध्ये चॉक, टायटॅनियम डायऑक्साइड आणि स्टॅबिलायझर असतात. आधी टीएचएफमध्ये विरघळवून, सेंट्रिफ्यूज करून, मेथॅनॉलमध्ये साका पाडून कोरडा केला तरच तो ट्यूबमध्ये घालण्याजोगा होतो. पावडरच्या पुड्या मात्र आहेत तशा कोरड्याच जाऊ द्यात, द्रावण करून पाठवू नका, आणि लॉट नंबर दोन्ही पुड्यांवर पेन्सिलीने लिहा. शाईचा नंबर टीएचएफचा एक थेंब लागला तरी पुसला जातो.