आरची पॅकेजेस शोधताना: क्रॅन टास्क व्ह्यूज काही महिने वापरल्यावर

आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत पॅकेज (एखाद्या कामाच्या तयार साधनांचा संच) मिळत नाही अशी तक्रार सहसा नसते. एकाच कामाची दहा मिळतात आणि घ्यायचं कोणतं ते कळत नाही. क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजेसच्या अधिकृत भांडारावर, 20,000 हून अधिक पॅकेजेस आहेत. तिथली यादी नावांच्या किंवा तारखांच्या क्रमाने लागते. गहाळ नोंदी भरण्याचं पॅकेज ‘माइस’ या नावाखाली सापडेल हे नवख्याला कसं सुचावं? म्हणून गेले काही महिने मी शोधाची सुरुवात टास्क व्ह्यूजपासूनच करतो.

ही विषयवार पानं आहेत. 2005 च्या सुमारास आखिम झाइलाइस यांनी ‘सीटीव्ही’ पॅकेज करून ही व्यवस्था उभी केली. प्रत्येक पान त्या विषयातली जाणती माणसं सांभाळतात. टाइम सिरीजचं (कालक्रमाने घेतलेल्या नोंदींचं) पान रॉब हाइंडमन यांच्याकडे, स्पेशियलचं (नकाशे आणि स्थानांच्या माहितीचं) रॉजर बिव्हँड यांच्याकडे.

माझा सर्वाधिक वावर ‘मिसिंग डेटा’ या पानावर झाला. कौटुंबिक सर्वेक्षणात उत्पन्नाचे रकाने रिकामे असतात, आणि आपला हात लगेच सरासरी भरायला जातो. या पानावर आधी रिकाम्या जागा कुठे आणि कशा पडल्यात ते पाहण्याची साधनं येतात. त्यानंतर एकदाच भरण्याच्या, अनेकदा भरण्याच्या आणि भारांकनाच्या (नोंदींना कमी-जास्त वजन देण्याच्या) पद्धती वेगवेगळ्या मांडल्या आहेत. त्यामुळे पॅकेजच्या आधी पद्धत ठरवावी लागते. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण लोकप्रियतेच्या यादीतून हा विचार कधीच मिळत नाही.

दुसरा मोठा फायदा कोणतं पॅकेज जुनं झालं ते कळण्याचा. नकाशांच्या कामाची ‘आरजीडाल’, ‘आरजिओस’ आणि ‘मॅपटूल्स’ ही पॅकेजेस ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. जुन्या धड्यांत ती अजून भेटतात. स्पेशियलचं पान मात्र सरळ ‘एसएफ’ आणि ‘टेरा’ या नव्या पॅकेजेसकडे नेतं.

‘इन्स्टॉल व्ह्यूज’ या आज्ञेने अख्खं पान एका दमात बसवता येतं, पण तसं करू नका. अवलंबून असलेली पॅकेजेसही सोबत येतात, आणि लिनक्सवर ती संकलित (कंपाइल) होईपर्यंत ताटकळावं लागतं. ‘कोअर ओन्ली’ हा फक्त मुख्य पॅकेजेस बसवण्याचा पर्याय चालू ठेवा, बाकीची लागतील तशी घ्या.

उणिवाही आहेत. ‘कोअर’ ही खूण सोडली तर डावं-उजवं कळायला काही नाही. एका ओळीत पाचसहा नावं येतात, त्यांतला फरक दस्तऐवज उघडूनच शोधावा लागतो. सगळी पानं सारखी ताजीही नसतात, म्हणून वरची आवृत्तीची तारीख आधी पाहावी. जनुकशास्त्रासाठी बायोकंडक्टर हे पॅकेजेसचं वेगळं भांडारच गाठावं; तिथलं वर्गीकरण वेगळं आहे.

2022 मध्ये या व्यवस्थेची फेरबांधणी झाली. पानं आता आर मार्कडाउन या साध्या मजकुराच्या स्वरूपात गिटहब या सामायिक कामाच्या संकेतस्थळावर असतात, त्यामुळे सुटलेलं पॅकेज कुणालाही सुचवता येतं. आपल्या विषयाच्या पानावर काही राहिलेलं दिसलं, तर ते कोणत्या उपविभागात बसेल आणि तिथल्या इतरांहून काय वेगळं करतं, एवढं लिहून जरूर कळवा.