भुतांची रात्र: लंडनचा डिसेंबर की पुण्याचा भाद्रपद?

लंडनमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. दिवस आठ तासांहून लहान. नाताळात शेकोटीपाशी भुताच्या गोष्टी सांगायची तिथली रीत जुनी आहे. उजेड घटला की काहींचं मन महिनोन्महिने खचतं. या हंगामी नैराश्याला वैद्यकात १९८४ मध्ये नाव मिळालं.

पुण्यात त्याच दिवशी सुमारे अकरा तास उजेड असतो, थंडीही गुलाबीच. आपली भुतं ऋतूवर नव्हे, तिथीवर चालतात: अमावास्या, आणि भाद्रपदातला पितृपक्ष, जेव्हा गेलेल्यांसाठी पान वाढून आपण कावळ्याची वाट पाहतो. शनिवारवाड्याची कथाही भाद्रपदातलीच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना वाड्यातच मारलं. ‘काका, मला वाचवा’ ही हाक अमावास्येला येते की पौर्णिमेला, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही.

अंगावर काटाच हवा असेल तर लंडनचा लांबलचक काळोख सरस. पण मला पुण्याची गोष्ट जवळची वाटते. ती ऐकताना भीतीआधी त्या पोराची कणव येते, आणि काकांचा राग.