ब्रिज की मिररलेस? बायपासनंतर दोन्ही वापरलेल्याचं मत

निवृत्त झालो आणि चौथ्याच महिन्यात बायपास झाली. घरी आल्यावर रोज चालायचं असं फर्मान निघालं. चालण्याची मला कधीच हौस नव्हती. कुठे पोचायचं असेल तर ठीक, पण उगाच जायचं आणि उगाच परत यायचं? जावयाने त्याचा ब्रिज कॅमेरा हातात ठेवला. म्हणाला, "बाबा, हा घेऊन जा, निदान थांबायला कारण मिळेल." थांबायला मला कारण लागत नव्हतं, दम होताच. पण दम लागून थांबलेल्या माणसाकडे लोक एका नजरेने बघतात आणि फोटो काढायला थांबलेल्याकडे दुसऱ्या, हे पहिल्याच दिवशी कळलं.

तो कॅमेरा सात महिने वापरला. मग स्वतःचा छोटा मिररलेस घेतला, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. त्यालाही आता दीड वर्ष होत आलं. अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेल्या एका मित्राने मध्यंतरी विचारलं, "मी कुठला घेऊ रे?" त्याला फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगितलं तेच इथे सलग लिहितोय. मेगापिक्सेल, व्हिडिओ, वायफाय हे खोक्यावर लिहिलेलं असतं, ते सोडून देतो. मोठा डीएसएलआरही, म्हणजे आत आरसा असलेला जुन्या पद्धतीचा, सोडतो. नुसती बॉडी पाऊण किलोच्या पुढे आणि पक्ष्यांची लेन्स लावली की सगळं मिळून तीन किलोंच्या घरात. कपाटात जुना असेल तर जरूर वापरा, पण नव्याने त्या वाटेला जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. मोबाइलचं म्हणाल तर उन्हात पडदा दिसत नाही, आणि सावलीत दिसला तरी जवळचा चष्मा शोधावा लागतो.

म्हणजे उरले दोन. ब्रिज कॅमेऱ्याची लेन्स कायमची बसवलेली, तिच्यातच समोरच्या देवळापासून चंद्रावरच्या खड्ड्यांपर्यंत सगळं. यातलं टोकाचं उदाहरण म्हणजे निकॉनचा पी१०००. त्याची झूम २४ ते ३००० मिलिमीटर (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), वजन १.४ किलो. बाकीचे बरेचसे पाऊण ते एक किलोच्या आसपास. जावयाचा त्यातलाच, साधारण किलोभराचा. माझा मिररलेस मायक्रो फोर थर्ड्स जातीचा (म्हणजे सेन्सर, उजेड टिपणारा आतला तुकडा, फुल फ्रेमपेक्षा लहान), ऑलिंपसचा ई-एम१० मार्क ४. बॅटरी आणि कार्ड धरून ३८३ ग्रॅम. त्याला दोन लेन्स घेतल्या. ४०-१५० मिलिमीटरची झूम १९० ग्रॅमची आणि ४५ मिलिमीटरची एफ/१.८, म्हणजे झूम नसलेली पण जास्त उजेड घेणारी, ही ११६ ग्रॅमची. या जातीत आकडा दुपटीने वाचायचा, म्हणजे माझी झूम फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात ८० ते ३०० झाली. ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ मध्ये वेगळ्या कंपनीकडे गेला, म्हणून काही जण बिचकतात. मी फार विचार केला नाही. पॅनासॉनिकच्याही लेन्स त्याच बॉडीला बसतात.

वजनाचे आकडे सांगितले खरे, पण आपल्याला प्रश्न वेगळाच असतो. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून पुन्हा स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं आणि ते जुळून यायला दोनतीन महिने जातात. तोवर जड उचलायचं नाही, हे सगळेच सांगतात. किलोभराचा कॅमेरा म्हणजे काही जड उचलणं नव्हे. पण तो गळ्यात अडकवून चाललं की नेमका कुठे आपटतो? बरोबर शिवणीवर. दर पावलाला एक टिचकी. दुखतं असं नाही, पण आपण नकळत एक हात कॅमेऱ्यावर ठेवून चालायला लागतो आणि चालण्याची लयच जाते. पट्टा तिरका घातला तर तोही छातीवरूनच जातो. छोटा कॅमेरा मी मनगटाच्या पट्ट्याला अडकवतो, हात खाली सोडून चालतो. एवढ्यासाठीच छोटा घ्या असं म्हणणार नाही, कारण हाड जुळल्यावर ही तक्रार आपोआप विरते. माझीही विरली.

विरली नाही ती दुसरीच. खरं सांगायचं तर कॅमेरा बदलला तो तिच्यापायी.

ब्रिज कॅमेऱ्याची झूम मोटरवर चालते. शटरच्या बटणाभोवतीचा छोटा खटका उजवीकडे ढकलायचा, लेन्स गुरगुरत बाहेर येते. थोडा वेळ हात लावला नाही की कॅमेरा झोपतो, आणि झोपताना लेन्स पोटात ओढून घेतो. आता आमच्यासारख्यांचं चालणं कसं असतं? पाच मिनिटं चालणं, तीन मिनिटं बसणं. मी बसलो की तोही बसायचा. फरक इतकाच की मी उठायचो तो ताजा होऊन आणि तो उठायचा आळोखेपिळोखे देत, पहिल्यापासून. मघाशी लांबवर लावून ठेवलेली झूम गेलेली. पुन्हा २४ वर. पुन्हा खटका, पुन्हा गुरगुर.

एका पाणथळ जागेपाशी बाकावर मी रोज बसायचो. समोर वाळकी फांदी, तिच्यावर एक खंड्या यायचा. माझ्या बसण्याच्या वेळा त्याने पाठ केल्या असाव्यात, कारण कॅमेरा जागा असेपर्यंत तो कधीच आला नाही. तो येऊन बसला की मी बटण दाबायचो. लेन्स बाहेर. पडद्यावर अख्खा काठ आणि त्यात निळा ठिपका. खटका दाबून धरायचा. ठिपक्याची चोच दिसायला लागायची, फोकस एकदा पुढे, एकदा मागे, आणि तेवढ्यात फांदी हलायची. माझ्या मोजमापाने सगळे मिळून तीन श्वास. माझे तेव्हाचे श्वास, म्हणजे तुमचे चार धरा. त्या सात महिन्यांतले नुकत्याच रिकाम्या झालेल्या फांदीचे एकोणीस फोटो माझ्याकडे आहेत. काहींमध्ये फांदी हललेली छान टिपली गेली आहे.

उपाय केले नाहीत असं नाही. झोपेची वेळ वाढवून पाहिली. तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना, आणि दोनदा लेन्स बाहेर असतानाच कॅमेरा पिशवीत कोंबला गेला. काही मॉडेलमध्ये मागची झूम लक्षात ठेवायची सोय असते. ती असेल तर त्रास कमी होईल, पण लेन्सला तेवढा प्रवास करावाच लागतो. शेवटी मी दर मिनिटाला शटर हलकंच दाबून त्याला जागं ठेवायला लागलो. आयसीयूत नर्स दर थोड्या वेळाने मला उठवायची, झोपला आहात ना हे बघायला. अगदी तसंच. एक दिवस हे साम्य लक्षात आलं आणि हसू फुटलं, तेव्हाच बहुधा मनातून निर्णय झाला होता.

मिररलेसच्या माझ्या लेन्सवर झूमची रिंग आहे. हाताने फिरवायची. जिथे सोडली तिथे राहते, कॅमेरा झोपो, बंद होवो, पिशवीत जावो. बाकावर बसताना मी ती पूर्ण लांबवर नेऊन ठेवतो. खंड्या आला की कॅमेरा डोळ्याला लावतानाच शटर अर्धं दाबायचं, एका श्वासात काम होतं. पण एक सावधगिरी. मिररलेसबरोबर मिळणाऱ्या काही चपट्या किट लेन्सही मोटरच्याच असतात, बंद केल्या की आत जातात. त्या घेतल्यात तर माझंच दुखणं पैसे मोजून विकत घ्याल. घेताना रिंगवाली मागा.

आता ब्रिजच्या बाजूने बोलायला हवं, नाहीतर जावई नाराज होईल. पल्ल्यात तो कितीतरी पुढे आहे. माझी लेन्स ३०० वर संपते, त्याच्या कॅमेऱ्याची तिथे सुरुवात झाल्यासारखी वाटते. मला ६०० पर्यंत जायचं तर ७५-३०० ही लेन्स आहे, पण ती ४२३ ग्रॅमची. बॉडी धरून आठशे ग्रॅम. मग वजनाचा मुद्दा कुठे उरला? शिवाय लेन्स बदलणं ही खरंच कटकट आहे. वाटेत उभ्याने एक लेन्स काढायची, दुसरी लावायची, दोन टोपणं सांभाळायची, आणि बॉडीचं तोंड खाली धरायचं म्हणजे धूळ जात नाही. एकदा टोपण पडलं, घरंगळत उतारावर गेलं, आणि मी ते आणायला वाकलो तसा डोळ्यापुढे अंधार आला. रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतली होती. तेव्हापासून लेन्स घरातच ठरवतो. आज झूम, उद्या ४५. ४५ च्या दिवशी पक्ष्याकडे नुसतंच बघायचं. बोटं आखडत असतील, हात कापत असेल, किंवा हा व्याप नकोच असेल, तर ब्रिज घ्यावा. यात कमीपणा काही नाही.

उजेडाचं मात्र वेगळं आहे. लांब झूमच्या बहुतेक ब्रिज कॅमेऱ्यांचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, साधारण ६ गुणिले ४.५ मिलिमीटर. माझा १७ गुणिले १३. क्षेत्रफळ काढलं तर आठपट. भर दुपारी हे कुणाला ओळखू येणार नाही, मलाही येत नाही. पण आपल्याला दुपारी चालायला परवानगी नसते. आपण निघतो उजाडता उजाडता, आणि त्या वेळी पूर्ण लांब केलेली ब्रिजची लेन्स फारच थोडा उजेड आत घेते. मग शटर रेंगाळतं किंवा फोटोत वाळू सांडल्यासारखी दिसते. पूर्वी मी श्वास रोखून फोटो काढायचो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी श्वास रोखायचा नाही म्हणून बजावलं, तेव्हापासून श्वास सोडता सोडता बटण दाबतो, आणि त्यासाठी शटर जलद हवंच. एक इंची सेन्सरचे ब्रिजही असतात, ते या बाबतीत चांगले. पण सोनीचा आरएक्स१० मार्क ४ घ्या, १.१ किलोच्या आसपास जातो, आणि झूम मोटरवरच.

आणखी किरकोळ दोनतीन गोष्टी. व्ह्यूफाइंडर नसलेला कुठलाच घेऊ नका. त्याच्या बाजूला बारीक चाक असतं, ते फिरवून आकडे स्पष्ट दिसेपर्यंत जुळवलं की जवळच्या चष्म्याची गरज बरीच कमी होते. ट्रायपॉडची घाई नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना त्याच्या पायाच्या खिटीने घेतलेला चिमटा मी पंधरा दिवस काळानिळा मिरवलाय. पेसमेकर असेल तर चुंबकाने चिकटणारे पट्टे, फिल्टर, खिशातली टोपणं यांच्यापासून जपा. चुंबक पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगतात. छातीच्या खिशात तर नकोच. एकदा डॉक्टरांनाही विचारून घ्या.

मित्राला मी शेवटी म्हटलं, तुझं तू ठरव, तुझी चाल माझ्याहून वेगळी असेल. न थांबता अर्धा तास चालणाऱ्याला ती मोटरची झूम कदाचित खुपणारही नाही, आणि नातवंडांबरोबर फिरताना एकच लेन्स बरी पडते हेही खरं. फक्त दुकानात गेलास की एक कर. कॅमेरा सुरू कर, समोर लांबवरची एखादी पाटी झूममध्ये घे, आणि मांडीवर ठेवून गप्प बस. विक्रेता घड्याळ बघेल, बघू दे. कॅमेरा झोपला की उचल आणि तीच पाटी पुन्हा वाचता येईपर्यंत आपले श्वास मोज.