घरी येऊन भाडेकरार नोंदवणारा एजंट: साडेतीन स्टार

कोथरूडचा वन बीएचके भाड्याने द्यायचा होता. सासरे म्हणाले, "स्टॅम्पपेपरवर लिहून घे, पुरे." पागडीच्या जमान्यातले ते, भाडेकरू शिरला की घर गेलं, ही धास्ती अजून जात नाही. मी नोंदणीच केली. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार ती जबाबदारी घरमालकाचीच. नाही केली, तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. वर ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि लायसन्सची (म्हणजे ठरावीक मुदतीच्या अशा भाडेकराराची) मुदत संपूनही कुणी हललं नाही, तर कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई. हे ऐकल्यावर सासरे चहा प्यायला लागले.

एजंट सहाला येणार होता, उगवला पावणेनऊला. माझा अंगठा यंत्रावर चारदा नापास (भांडी घासून रेषा उरल्यात कुठे!), पण गडी वैतागला नाही. मसुदा वाचून दाखवला. भाडेकरू मुलीनं डिपॉझिट परतीची तारीख मागितली, तीही घातली. सरकारी फी किती आणि त्याची किती, हे मात्र तिसऱ्यांदा विचारल्यावर फोडलं. अर्धा स्टार त्याचाच कापला. पोलीस पडताळणी यात नाही, ती वेगळी करा.